परातीतली नदी

"रस्ता नदीपर्यंत येतो, नदीपलीकडे पुन्हा सुरू होतो, मग मध्ये तो जातो कुठे?"

कुंभारवाडीच्या खेमाने हा प्रश्न पाटलाला विचारला, कुलकर्ण्याला विचारला, देवळातल्या गुरवालाही विचारला. थोरला भाऊ धोंडीबा एवढंच म्हणायचा, "तू गप गाडीत बस."

रस्ता मात्र झकास होता. निंबगडच्या राजाने परगण्यातला व्यापार वाढावा म्हणून तो बांधला होता. दुतर्फा दिव्यांचे खांब, बैलांना पाण्याचे हौद, गाडीवानांना धर्मशाळा. बाजारपेठ अलीकडे, कुंभार, कोष्टी आणि गुऱ्हाळवाले पलीकडे, आणि मधोमध हिरडी नदी. उन्हाळ्यातसुद्धा गळ्याइतकं पाणी. रस्त्यावरचे दिवे रोज संध्याकाळी लागत, ते बहुधा अंधारात कोणी नदीत पडू नये म्हणून.

त्या वर्षी धोंडीबाने दिवाळीच्या पणत्यांची गाडी भरली आणि तराफा गाडीचा भार पेलेल का, ते बघायला तो आधी एकटाच पाण्यात गेला. तराफ्याला त्याचा एकट्याचाही भार पेलला नाही. भरलेली गाडी अंगणात तशीच उभी राहिली. वहिनी तिला कोणाला हात लावू देईना.

तेरावं उरकलं आणि खेमा नदी पोहून थेट दरबारात गेला. कोणी थांबवायच्या आत तो ओल्या कपड्यांनी सिंहासनापुढे उभा होता.

"महाराज, हिरडीवर पूल बांधा!"

दिवाण त्रिंबकपंतांनी त्याच्या पायाखालच्या ओल्या गालिच्याकडे पाहिलं. "पूल? कोणासाठी? आमचा माणूस वर्षभर नदीकाठी बसला होता. त्या नदीवरून एकही गाडी जात नाही!"

"पूल नाही, म्हणून जात नाही!"

"जात नाही, म्हणून पूल नाही," दिवाण शांतपणे म्हणाले.

"माझा दादा जाणार होता!" खेमाचा आवाज फाटला. "विचारा तुमच्या माणसाला! तो बसला होता ना काठावर!"

राजे भानजीराव तसे वाईट नव्हते, पण एकदा 'नाही' म्हटलं की तोंडातून 'होय' काढायला त्यांना फार त्रास होई.

"पोरा," ते म्हणाले, "दसऱ्यापर्यंत एक भरलेली गाडी हिरडीपार करून दाखव. होडी नको, तराफा नको, चाकाला पाण्याचा थेंब लागता कामा नये. दाखवलीस तर पूल बांधतो. नाही जमलं, तर पुलाचं नाव काढायचं नाही!"

"कबूल!" खेमा म्हणाला. विचार नंतर करायचा, ही त्याची जुनी खोड.

नऊ दिवस तो नदीकाठी बसून राहिला. नदी हलली नाही, त्यालाही काही सुचलं नाही. दसऱ्याच्या सकाळी राजवाड्याचा एक पाणक्या हंडा भरायला आला.

"अरे, वाड्यात विहीर आहे ना?" खेमाने विचारलं.

"विहिरीचं पाणी चालत नाही. आज परातीत हिरडीचंच पाणी लागतं. सीमोल्लंघन आहे!"

खेमा उठला आणि पेठेकडे धावत सुटला.

दसऱ्याला निंबगडच्या राजाने हिरडी ओलांडून आपट्याचं सोनं लुटायचं, हा जुना रिवाज. पण महाराजांच्या आजोबांचा घोडा एकदा पाण्यात घसरला, तेव्हापासून नदीच वाड्यात येऊ लागली. अंगणात तांब्याची परात मांडत, तिच्यात नदीचं पाणी ओतत, राजपुरोहित "ही हिरडी!" असं म्हणत आणि राजा ती ओलांडत असे.

त्या दिवशीही भानजीरावांनी धोतर सावरून परात ओलांडली. तोफ उडाली. लोक आपट्याच्या फांदीकडे धावले. तेवढ्यात वाड्याच्या दरवाजातून बैलगाडी आत आली. गाडी पेठेतल्या जिवाशेटची, आत गच्च भरलेला कडबा आणि पुढे कासरा धरून खेमा!

"अडवा त्याला!" दिवाण ओरडले.

गाडी सरळ परातीवरून गेली. एक चाक या अंगाने, दुसरं त्या अंगाने, परात मधोमध. थेंबही लागला नाही. डाव्या बैलाने मात्र जाता जाता अर्धी नदी पिऊन टाकली.

"महाराज," खेमा म्हणाला, "गाडी हिरडीपार झाली!"

"ही नदी आहे का?" दिवाण कडाडले. "ही परात आहे, परात!"

"परात?" खेमाने कपाळाला हात लावला. "मग महाराजांचं सीमोल्लंघन राहिलंच की! मागच्या वर्षीचंही राहिलं! चला महाराज, नदीवर जाऊ. आज पाणी पुरुषभर आहे, ओढही मोठी आहे. पण मी आहे ना धरायला!"

महाराजांनी पुरोहितांकडे पाहिलं. पुरोहितांनी आभाळाकडे पाहिलं.

"गुरुजी, ही नदी की परात?"

"नदीच, महाराज," पुरोहित घाईघाईने म्हणाले. "पिढ्यान्पिढ्या नदीच!"

महाराजांच्या मिशा थरथरल्या. मग ते असे हसले की डोक्यावरचा मंदिल परातीत पडला!

"दिवाणजी, पूल बांधा! नाहीतर पुढच्या दसऱ्याला हा पोरगा मला पोहायला लावील!" त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं. "हे घे. आणखी काय हवं?"

"पुलावरून पहिली गाडी आमची जाऊ द्या."

पुढच्या दिवाळीआधी पूल झाला. वहिनीने पहिल्यांदाच गाडीवरची ताडपत्री झटकू दिली. धोंडीबाची बसायची जागा मोकळी ठेवून खेमा बैलांच्या शेजारून चालत पूल पार करून पेठेत आला.

"पणत्या," तो जिवाशेटला म्हणाला. "धोंडूदादाने पाठवल्यात."

जिवाशेटने गाडीतली एक पणती उचलून तिच्यावरची धूळ पुसली. "उशीर झाला रे पोरा."

"वाटेत नदी होती," खेमा म्हणाला आणि दादाचा माल उतरवू लागला, हलक्या हाताने, एकही पणती न फोडता.