बांधावरची आजी

आटपाट डोंगरावर चहाचा एक मळा होता. झुडपं सगळी कंबरेएवढी, खुडायला सोपी जावीत म्हणून वरून सपाट छाटलेली. बांधावर मात्र एक रानझाड ताडमाड वाढलं होतं.

"हे आडदांड आमच्यात कशाला?" झुडपं नाकं मुरडायची. सावली पडते म्हणून मालकानंही कुऱ्हाड मागवली.

तेवढ्यात संशोधक निरुपमाबाई धावत आल्या. झाडाची आणि झुडपांची पानं त्यांनी तपासायला नेली होती.

"थांबा! दोघांचं कूळ एकच. हे झाड म्हणजे या झुडपांची आजी! झुडपं छाटली नसती, तर तीही एवढीच वाढली असती."

कुऱ्हाड परत गेली. मळा ओशाळला. मग कडेचं एक झुडूप हळूच म्हणालं, "आजी, वरून काय काय दिसतं गं?"