दारातली पंगत

बार्शीचे डाळव्यापारी रेवणअप्पा शेटे थोरल्या बहिणीला, मालनअक्कांना, घेऊन युरोपच्या क्रूझवर गेले. अक्कांना मधुमेह, दर दोन तासांनी खाल्लं नाही तर चक्कर यायची, आणि मानवायची फक्त घरून आणलेली, महिनाभर टिकणारी कडक भाकरी. नेपल्सला सहा तासांच्या सहलीसाठी उतरताना जहाजाच्या दारावरच्या अधिकाऱ्यानं अक्कांचा भाकरीचा डबा अडवला.

"खाणं बाहेर न्यायचं नाही! टाकून द्या, नाहीतर इथंच संपवा."

"तुम्ही म्हणाल तसं, साहेब." अप्पांनी दारातच पंचा अंथरला आणि अक्कांसह सहलीला सोबत आलेल्या दहा बार्शीकरांना बसवलं. मागं दोनशे प्रवासी ताटकळले.

"किती वेळ लागेल?" साहेब खेकसला.

"आमच्यात पंगतीतला शेवटचा माणूस जेवल्याशिवाय कुणी उठत नाही," अप्पा हसून म्हणाले. "भाकरी कडक आहे, आणि आमच्या अक्कांना एकही दात नाही."

साहेबानं स्वतःच्या हातानं डब्याचं झाकण लावून तो अक्कांच्या पिशवीत ठेवला.