केतकीनं भरलेली बॅटरी

“पण उस्ताद, तिनं भरलेलं त्यात अजून असेल ना?”

हेरवाडकर वकिलांनी पुन्हा विचारलं.

दस्तगीर उस्ताद तळहातावर बॅटरी घेऊन बघत होते. साबणाच्या वडीएवढी, निळ्या वेष्टनातली. वेष्टनावर काळ्या शाईनं लिहिलेलं, केतकी. आणि बरोबर त्या नावाखाली ती फुगली होती.

मिरजेबाहेरच्या माळावर उस्तादांची पत्र्याची शेड आहे. हौसेची छोटी विमानं बांधायला आणि उडवायला ते तिथं शिकवतात. वकिलांची लेक केतकी त्यांचीच शिष्या. गेल्या वर्षी एका संध्याकाळी तिनं ही बॅटरी पूर्ण भरून ठेवली, उद्या विमान उडवायचं म्हणून. तिच्यासाठी तो उद्या उजाडलाच नाही.

बॅटरी कपाटातच राहिली.

“शालन बाहेर गाडीत बसलीय,” वकील म्हणाले. “तिला शब्द देऊन आणलंय. आज केतकीचं विमान उडणार, तेही केतकीनंच भरलेल्या बॅटरीवर. कमी पडलं तर वर थोडं तुम्ही भरा. पण दुसरी बॅटरी नको.”

“तुम्हाला यातलं कळतं?”

“सगळं वाचून आलोय.” वकिलांनी मान ताठ केली. अभ्यासाशिवाय ते कोर्टातही उभे राहत नसत.

“व्होल्ट म्हणजे?”

“दाब. पाण्याची टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर.”

“अँपिअर?”

“नळातून किती वेगानं पाणी येतंय ते.”

“आणि वेष्टनावरचा हा बावीसशेचा आकडा?”

“टाकी केवढी ते. म्हणजे हिच्यात बावीसशे आहे.”

“वकीलसाहेब… पातेलं पंगतीचं असलं म्हणून आत आमटी पंगतीपुरती असते काय?”

वकिलांना हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं, म्हणून त्यांनी ते लगेच आवरलं.

“मग झाकण काढा आणि बघा.”

उस्तादांनी मीटरच्या दोन काड्या बॅटरीच्या पांढऱ्या जोडणीत टेकवल्या. बॅटरीत तीन सेल होते. प्रत्येक वेगळा मोजायचा. भरलेला सेल चार व्होल्टच्या थोडा वर असतो, तीनच्या खाली गेला की तो दुखावला.

वकील आकड्याकडे बघत राहिले.

दोनच्या थोडं वर. दुसरा, तसाच. तिसरा, जेमतेम एक.

“आहे,” उस्ताद म्हणाले. “थोडं आहे.”

“तिनं भरलेलं?”

“दुसरं कोण भरणार?”

वकील स्टुलावर बसले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“मग लावा चार्जरला. पाच अँपिअरवर लावा, लवकर होईल.”

“बावीसशेच्या बॅटरीला दोन पॉइंट दोन. त्याच्या वर नाही. हे केतकीला पहिल्याच दिवशी पाठ करायला लावलं होतं मी. तुमच्यासारखीच घाई तिला.”

“बरं, दोन पॉइंट दोन.”

उस्तादांनी वायरी जोडल्या. चार्जर किंचाळला आणि बंद पडला.

“घेत नाही तो.”

“मला ठाऊक होतं.” वकील पुढं सरसावले. “यावर तोड आहे. चार्जरला खोटं सांगायचं. ही जुन्या प्रकारची बॅटरी आहे म्हणून त्यात निवडायचं. मग तो निमूट भरायला लागतो. बरेच जण तसं करतात.”

“करतात.”

“मग?”

“चार्जरसमोर खोटी साक्ष चालेल, साहेब. बॅटरीसमोर कशी चालवाल? दुखावलेल्या सेलमध्ये जोर लावला की ती पेटते. पाण्यानंही लवकर विझत नाही.”

“एवढं एकदाच…”

“तुमची बायको बाहेर गाडीत आहे.”

वकिलांनी दाराकडं बघितलं. बाहेर वारा होता. पत्रा मधूनच वाजत होता.

“ठीक आहे,” ते शेवटी म्हणाले. “उडवायचं राहू द्या. मी ती परत नेतो. होती तशी कपाटात ठेवतो. तेवढं तरी…”

“फुगलीय. घरात ठेवायची नाही.”

“भरायची नाही. ठेवायचीही नाही.” वकिलांचा आवाज चढला. “हा कुठला न्याय, उस्ताद? आहे म्हणून तुम्हीच सांगता. मग आहे त्याचं मी करू तरी काय?”

उस्ताद उठले. वाळूनं भरलेलं घमेलं त्यांनी शेडबाहेर, मोकळ्यावर नेऊन ठेवलं. बॅटरी वाळूवर अलगद निजवली. मग खोक्यात शोधून स्कूटरचा एक बारका दिवा आणला आणि त्याच्या लांब वायरी बॅटरीला जोडल्या.

काहीच दिसेना.

“लागला नाही,” वकील म्हणाले.

उस्तादांनी डोक्यावरची टोपी काढली आणि दिव्यावर आडवी धरली.

टोपीच्या सावलीत दिव्यातली तार लालसर झाली होती.

वकील गुडघ्यांवर बसले. बघत राहिले. मग वळून गाडीकडं हात केला. शालनताई उतरल्या, पदर सावरत आल्या.

“विमान कुठाय?”

“ते राहू दे. हे बघ.”

“काय आहे हे?”

“केतकीनं भरलेलं.”

त्या वाकल्या. कितीतरी वेळ तशाच वाकून राहिल्या.

“अहो, हे उजेड देतंय,” त्या म्हणाल्या. नवल वाटावं तशा. “एवढे दिवस होतं हे आत?”

“होतं, ताई.”

“आपल्या कपाटात?”

“हो गं.”

दोघं शेजारी शेजारी बसली. तार लालची तपकिरी होऊ लागली. मधेच वाऱ्यानं टोपी हलली की दिवा दिसेनासा व्हायचा, आणि शालनताई चटकन “धरा, धरा” म्हणायच्या.

“विझल्यावर हिचं काय?” वकिलांनी विचारलं.

“जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्यांकडे मी पोचती करीन. केरात टाकायची नाही.”

तार आणखी मंदावली.

“उस्ताद… थांबवा.”

उस्ताद हलले नाहीत.

“थोडं राहू द्या. अगदी थोडं.” वकिलांचा हात वायरीकडं गेला. बोटं जोडणीवर पोचली. नुसती ओढायची बाकी होती.

उस्तादांनी त्यांचा हात धरला नाही. टोपी मात्र दिव्यावर तशीच धरून ठेवली.

“ठेवायचं असतं, साहेब, तर तिनं भरलं कशाला असतं?”