नाकावरचं घर

माणूस जन्मायच्या कितीतरी आधी दंताळ नावाचा मांसाहारी डायनासोर होता. दात केळ्याएवढे, हात मात्र इवलेसे.

एकदा त्याच्या नाकाला खाज सुटली. हात काही पोचेनात. झाडावर नाक घासलं, तर झाडच मोडलं.

"कुणीतरी खाजवा रे, खाणार नाही," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. पण मागच्या खेपेला पाठ खाजवणाऱ्यालाच त्याने गिळलं होतं, म्हणून सगळे लांबच उभे राहिले.

टिकली नावाची पाल मात्र शेपटीवरून चढत थेट नाकावर गेली आणि तिने मनसोक्त खाजवलं. दंताळला बरं वाटलं, तशी भूकही लागली. "दमलीस गं, ये खाली," तो लाडात म्हणाला.

"नको मामा," टिकली म्हणाली. "तुमचे हातही पोचत नाहीत आणि दातही, अशी अख्ख्या रानात एवढीच जागा आहे. मी इथेच अंडी घालीन म्हणते."