धुरपाईने फोडलेली डोण

फार वर्षांपूर्वी, नांगरमाळावर घरांपेक्षा मेंढ्यांचे वाडेच जास्त होते, तेव्हा तिथे धुरपाई नावाची धनगरीण राहत होती.

माळावरची सगळी कुत्री एकाच दगडी डोणीतून खात-पीत. एका डोणीतली कुत्री लांडग्यावर एकजुटीने धावतात, अशी तिथली समजूत. एका उन्हाळ्यात कुत्र्यांमध्ये साथ आली. अंग तापे, ओकाऱ्या होत, पोटाला हात लावला की कुत्रं कळवळे, डोळ्यांतलं पांढरं पिवळं पडे. पिल्लं तर सकाळी खेळत आणि दिवेलागणीला गार होत. धुरपाईचा कुत्रा चितऱ्याही आडवा झाला. तिने त्याला लांब, बाभळीखाली नेलं. उकळून निवलेल्या पाण्यात मीठ आणि गूळ घालून ती ते बोटाने थेंब थेंब त्याच्या जिभेवर सोडत राहिली. त्या दिवसांत ऊन कलायचं तशी बाभळही सावली धरून कलायची, असं म्हणतात.

चितऱ्या उठला, पेज चाटू लागला. आणि त्याचा एक डोळा निळा, धुरकट झाला.

वाड्याचा म्होरक्या मायाप्पा कारभारी माणसं घेऊन आला. तशा डोळ्याची दोन कुत्री त्याने आधीच ठेचली होती. ज्यांनी जन्मभर याच्या मेंढ्या राखल्या, लांडग्याचे दात अंगावर घेतले, त्यांना!

“धुरपे, सर बाजूला. भूत शिरलंय त्याच्यात. डोळा बघ की!”

“कारभारी, साथीत मेलेल्या एकाचा तरी डोळा निळा झाला व्हता का?”

धुरपाई चितऱ्याच्या आडवी उभी राहिली.

“मेली ती पिवळी पडून. निळा झाला तो जगाय लागलेल्यांचा. तुमी मारलेली दोन्ही आदल्या दिशी भाकर खात व्हती. भुताला भाकर लागती व्हय?”

“मग दुखणं पसरतंय कशानं, शहाणे?”

“तुमच्या लाडक्या डोणीनं! आजारी कुत्रं तिथंच लाळ गाळतंय, तिथंच मुततंय, आन् पिल्लं तिथंच तोंड घालत्यात.”

मायाप्पाने काठी उगारली. धुरपाई तडक डोणीपाशी गेली. चार गड्यांना न हलणारी ती डोण तिने एकटीने उचलून कातळावर आपटली आणि तो आवाज सात वाड्यांवर ऐकू गेला, असं म्हणतात. मायाप्पाची उगारलेली काठी न मारताच खाली आली.

पण चितऱ्याला तिने वाड्यात आणलं नाही. बऱ्या झालेल्या एका कुत्र्याच्या मागे हुंगत फिरलेली पिल्लं तिने मरताना पाहिली होती. कुत्रं उठलं तरी दुखणं त्याच्या मुतात उरतं, हे तिने ताडलं होतं. त्याला घेऊन ती ओढ्यापलीकडे एकटी राहिली. पाऊस सरला, थंडी पडली, डोळा निवळला, तेव्हाच दोघं परतली. डोण फुटल्यावर साथ ओसरली होती, माळावरची उरलेली कुत्री वाचली होती. त्या दिवशी एकही कुत्रं भुंकलं नाही, सगळी वाटेच्या दोन्ही बाजूंना बसून राहिली, असं म्हणतात.

आजही नांगरमाळावर प्रत्येक कुत्र्याचं खाण्याचं मातीचं परळ वेगळं असतं. निळा डोळा दिसला की त्या कुत्र्याला सावलीत एकटं बांधून डॉक्टरांना बोलावतात. आणि दरवर्षी धुरपाईच्या नावाने पिल्लांना लस टोचतात. पहिलं पिल्लू मांडीवर धरायचं मायाप्पाच्या वंशजाने, त्या दोन ठेचलेल्या कुत्र्यांचा हा दंड अजून फिटलेला नाही. भोवतीच्या म्हाताऱ्या ओरडतात, “हळू धर रं, तुमच्या हातांना मारायचीच सवय!”

सुई टोचून होईपर्यंत तो मान वर करत नाही. वर कर, असं त्याला कोणी म्हणतही नाही.