टिटवीची हद्दपारी

फार जुनी गोष्ट. तळ्याकाठच्या हरणांचा एक नियम होता. वर्षातून एकदा कौल घ्यायचा आणि ज्याच्या नावाने जास्त खडे पडतील, त्याने रान सोडायचे. त्या वर्षी सगळे खडे टिटवीच्या नावाने पडले.

"अहो, पण माझं चुकलं काय?" टिटवीने विचारले.

"तू ओरडलीस की वाघ येतो, हे सगळ्यांनी पाहिलंय," म्हातारा काळवीट म्हणाला. "तू नसलीस तर तो कशाला येईल?"

टिटवी रडत उडून गेली. दुपारी हरणे निर्धास्त पहुडली. वाघ आला, पण आरडाओरडा अजिबात झाला नाही.

संध्याकाळी उरलेली हरणे जमली. त्यांनी एकमताने ठरवले की टिटवी भित्रीच होती, ऐन संकटात सोडून गेली.