बस्त्यावचा अडलेला रहाट

फार वर्षांपूर्वी, वसईकडच्या वाड्यांत पाण्याच्या मोटारी यायच्याही आधी, केळीआळीत बस्त्याव नावाचा बागायतदार राहत होता. घरामागे त्याची वाडी, वाडीत केळी, पानवेली आणि मधोमध विहीर. माणूस कष्टाळू, पण स्वभाव फणसासारखाही नव्हे, नुसत्या फणसाच्या सालीसारखा.

त्याची बायको कात्रीन रोज संध्याकाळी रोझरीची जपमाळ घेऊन बसायची आणि हा पहिल्याच मण्याला घोरायचा. देवळात जायला सवड नाही, घरी डोळा उघडा राहत नाही. मग त्याने व्यवहारी तोड काढली. प्रार्थना वाडीतच करायची, आणि शिंपणंही थांबवायचं नाही. रहाटाच्या दोरावर त्याने दहा लहान गाडगी बांधली, मग एक मोठं, पुन्हा दहा लहान, पुन्हा एक मोठं. लहान गाडगं वर आलं की मारियामातेची प्रार्थना, मोठं आलं की स्वर्गातल्या बापाची.

कुंभार म्हणाला, "बस्त्यावदादा, आता देवालाही मापाने पाणी घालणार काय?"

"तू गाडगी भाज. देवाचं मी बघतो."

रहाट ओढायला रेडा होता, मुकादम नावाचा. पुढे मुकादम, मागे मोठ्याने जप करत बस्त्याव. सगळं झकास चाललं आणि मोठं गाडगं वर आलं. बस्त्याव भराभर म्हणत गेला. जसं आम्ही दुसऱ्यांना माफ करतो तसं तू आम्हाला माफ कर, या ओळीशी पोचला, आणि मुकादम थांबला.

आता कुंपणापलीकडची हकीकत सांगायला हवी. पलीकडे त्याचा धाकटा भाऊ पास्कू राहायचा. विहीर बापाने दोघांना ठेवलेली. पण कुंपणावरच्या फणसाची एक फांदी कुणाची, यावरून दोघांचं बिनसलं आणि बस्त्यावने पास्कूकडे जाणाऱ्या पाटाचं तोंड माती लोटून बुजवलं. पास्कूने आपल्या बाजूला खड्डा खणला, त्याला लागलं खारं पाणी. त्याची केळी पिवळी पडली. फणस कावळ्यांनी खाल्ले. भाऊ बोलेनासे झाले, ते वर्षानुवर्षं.

तर मुकादम थांबला. बस्त्यावने शेपूट पिरगळलं, शिव्या हासडल्या. रेडा ढिम्म. पहिल्यापासून जप सुरू केला की चालायचा, त्या ओळीवर आला की थांबायचा. ओळ गाळून पाहिली, तर खालीच बसला. मुळीच जप केला नाही, तर पाऊलच उचलेना. आळीतल्या दुसऱ्या कुणाचा बैल जुंपला, तोही तिथेच अडला, असं जुनी माणसं सांगतात.

"अहो, त्याच्यावर कशाला ओरडता?" कात्रीन म्हणाली. "त्याचं काहीच अडलेलं नाही."

बस्त्यावने फादरना बोलावलं. ते पवित्र पाण्याची बाटली घेऊन आले. त्यांनी विचारलं, "कुठल्या ओळीवर थांबतो?" बस्त्यावने सांगितलं. फादरनी बाटली झग्यात परत ठेवली.

"रेडा ठणठणीत आहे," ते म्हणाले, आणि चहा पिऊन गेले.

"पाद्री बिनकामाचा, रेडा बिनकामाचा!" बस्त्याव कपाळ बडवत म्हणाला. इकडे ऊन तापत होतं आणि पानवेली माना टाकत होत्या. आणखी दोन दिवस पाणी नाही, तर सगळा पानमळा गेला, हे त्याला कळत होतं.

शेवटी वैतागून त्याने रेड्याला सोडलं आणि दांड्याला स्वतःचा खांदा लावला. जप करत गोल फिरू लागला. मोठं गाडगं वर आलं, ती ओळ तोंडात आली, आणि असं म्हणतात, बस्त्यावचे स्वतःचे पाय जमिनीला चिकटले.

कात्रीन तोंडाला पदर लावून हसू लागली.

"हसतेस काय? पास्कू! अरे ए पास्कू! ये इकडे, हे फिरत नाही माझ्याच्याने!"

कुंपणापलीकडून आवाज आला, "एवढ्या वर्षांनी हाक मारलीस, तीही कामाला?"

"मग काय मुके घ्यायला बोलावू? ये म्हणतो ना!"

पास्कू आला. दोघांनी खांदे लावले. दांडा हलेना. पास्कू बुजवलेल्या पाटाकडे बघत राहिला. बस्त्यावने त्याच्याकडे पाहिलं, रेड्याकडे पाहिलं, वर आभाळाकडे पाहिलं. मग पाटाच्या दिशेने पाऊल टाकलं, तर पाय सुटले; दातओठ खात त्याने फावडं उचललं आणि पाटाचं तोंड फोडून काढलं.

"घ्या! झालं समाधान?"

हे तो भावाला म्हणाला, रेड्याला की देवाला, ते केळीआळीत अजून ठरलेलं नाही. पण रहाट फिरला. त्या एका मोठ्या गाडग्यातून एवढं पाणी आलं की दोन्ही वाड्या भिजल्या, पानवेलींनी माना वर केल्या आणि पास्कूच्या खड्ड्यातलं खारं पाणीसुद्धा गोड झालं, असं म्हणतात.

आज विहिरीवर मोटार आहे. पण दरवर्षी लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ संपत आला की एका रविवारी ती बंद ठेवतात. गावात ज्यांचं एकमेकांशी बोलणं तुटलंय, त्यांना जोडीने दांड्याला लावतात आणि बाकीचे काठावर बसून बस्त्यावच्या नावाने जप म्हणतात. त्या ओळीवर रहाट अडतो. मग सगळे थांबतात. कधी घटकाभर, कधी दुपार कलेपर्यंत. उठायची कुणालाच मुभा नसते. शेवटी बाया ओरडतात, "अरे मेल्यांनो, करा एकदाचं माफ! घरी भात निवतोय!"